तीन किलोची रायफल आणि तिच्यावर सव्वा किलोच्या वरचा स्कोप

देवगड तालुक्यातून एका माजी सैनिकांचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं देतो.

"मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता कलमांची बाग बघतो. मुलगा न्यूझीलंडला साउथ आयलंडमध्ये डेअरी फार्मवर कामाला आहे. तिकडचं लायसन काढून त्याने टिक्का टी३एक्स लाइट ही .३०८ ची हलकी रायफल घेतली आणि सुट्टीला डोंगरात हरणाच्या शिकारीला जातो. आता तिच्यावर बसवायला स्कोप, म्हंजे नेमाची दुर्बीण, घ्यायचाय. तो म्हणतो ४.५-२७×५६ घेतो, एकदाच काय तो भारीतला. मी म्हणतो आम्ही उघड्या साइटवर तीनशे मीटरची टार्गेटं पाडली, तुला चार पटीचा बस झाला. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण. त्याला चष्मा आहे. आणि माझा धाकटा भाऊ म्हणतो पोराला सांग येताना एक आपल्यालाही आण, बागेत डुकरं फार झालीत, घरच्या ठासणीच्या बंदुकीवर बसवू. आमच्यात बरोबर कोण?"

हवालदारसाहेब, रामराम. सरळच सांगतो, तुम्ही बारा आणे बरोबर, मुलगा चार आणे बरोबर, आणि तुमचे धाकटे बंधू अजिबात नाहीत, त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी एक हिशोब करा, कागदावरच करा म्हंजे मुलाला फोटो काढून पाठवता येईल. टिक्काची ही लाइट रायफल रिकामी साधारण २.९ किलोची. तो म्हणतोय त्या आकड्यांचा स्कोप, म्हंजे ४.५-२७×५६ (साडेचार ते सत्तावीस पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५६ मिलिमीटरची; व्होर्टेक्स कंपनीच्या रेझर सिरीजमधला असणार, त्या आकड्यांत तोच जास्त चालतो), तो एकटा १.३७ किलोच्या आसपास भरतो. त्याला धरून ठेवायला रिंगापण दणकट लागतात, धरा अजून दोनशे ग्रॅम. बेरीज किती झाली? साडेचार किलोला जरा कमी. आता आठवा तुमची एसएलआर, म्हंजे फौजेतली जुनी ७.६२ ची रायफल, रिकामी किती भरायची. तेवढीच. म्हंजे पोराने जादाचे पैसे मोजून हलकी रायफल घेतली आणि वर अजून पैसे घालून तिची बापाची एसएलआर करून टाकली! ही एवढी एक बेरीज त्याला दाखवलीत तरी निम्मं भांडण मिटेल असं मला वाटतं, पण पोरं आकड्यांना घाबरत नाहीत, २७ पट हा आकडा फार गोड असतो, म्हणून पुढचंही लिहितो.

हलकी रायफल माणूस घेतो ती चालण्यासाठी. मी माझ्या भाच्याकडे तिकडे तीन महिने राहून आलोय, साउथ आयलंडच्या पश्चिम अंगाचा डोंगर बघितलाय. आपल्या सड्यावरून खाली वाडीत उतरतो तसं ते नाही, दिवसभर चढ, खाली नदी, परत चढ, आणि पाऊस असा की मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या आंबोलीची आठवण यावी असा. पाठीवर तंबू, खाणं, आणि शिकार मिळाली तर येताना मटण पण पाठीवरच. तिथे संध्याकाळी चार वाजता अर्धा किलो म्हंजे अर्धा किलो नसतो, तो दोन किलो झालेला असतो.

(जाता जाता, तिकडे हरणाची शिकार एवढी उघड कशी चालते हा प्रश्न आपल्याकडे सगळे विचारतात, माझ्या बायकोनेही विचारला होता. त्या देशात मुळात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी स्वतःचा नव्हता. हरणं, डुकरं, सगळी बाहेरून आणून सोडलेली. आपल्या हिमालयातला ताहर नावाचा रानबोकडसुद्धा, १९०४ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेले माउंट कुकपाशी सोडले, ते वाढले. खाणारं जनावर कोणी नाही, मग ती जंगल फस्त करतात, म्हणून सरकारच शिकारीला परमिट देतं.)

आता वजनाचा दुसरा भाग, जो दुकानात कोणी सांगत नाही. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघा. आपल्या छोट्या होडीत बर्फाचा क्रेट तळाला ठेवला तर होडी उलट नीट बसते, तोच क्रेट फळीवर उंच रचलात तर पहिल्याच लाटेला होडी कलंडायला बघते. रायफलीचं तेच. ५६ मिलिमीटरची काच म्हंजे पुढचं तोंड पेल्याएवढं, ते नळीला लागू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. उंच बसला की गाल दस्त्याला टेकत नाही, हनुवटी टेकते, डोळा अधांतरी. तुम्हाला ट्रेनिंगमध्ये उस्तादाने गाल दस्त्यावर दाबायला लावलं असेल, तो उगाच लावत नव्हता. आणि खांद्यावर पट्ट्याने लटकवली की असली वरून जड रायफल सारखी उलटी फिरते, झाडीत अडकते, माणूस वैतागतो.

मग धक्का. इथे तुमचीही थोडी गफलत होतेय, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की .३०८ म्हंजे आपलीच ७.६२, तिचा धक्का काय मोठा. गोळी आपलीच हे खरं, .३०८ विंचेस्टर आणि ७.६२×५१ ही जुळी भावंडं, विंचेस्टरने १९५२ ला बाजारात आणली आणि दोन वर्षांनी नाटोने घेतली. पण एसएलआर जड, वर गॅसवर चालणारी, धक्क्याचा झटका तिची यंत्रणा जरा पचवायची. टिक्का ही हाताने बोल्ट ओढून भरायची, हलकी, पचवायला काही नाही, सगळं खांद्यावर. गोळी तीच ठेवून रायफल चार किलोची तीन किलोची केली तर मागे येणारी धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, हे साधं गणित आहे. पोरगा म्हणेल, मग जड स्कोपने धक्का कमीच होईल ना! होईल, खोटं का बोला. पण एसटी झटक्यात सुटली की उभा माणूस कसा मागे जातो, तसं रायफल झटक्यात मागे येते तेव्हा वरचा जड स्कोप जागचा हलायला तयार नसतो, आणि तो सगळा ताण येतो त्या चार-सहा बारीक स्क्रूंवर. हळूहळू रिंगेत सरकतो. दिसत नाही, पण झिरो, म्हंजे क्रॉस आणि गोळी एका जागी जुळवून ठेवलेलं सेटिंग, जातो, आणि माणूस स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो. साडेतीनशे ग्रॅमच्या स्कोपला हा ताण फारसा येतच नाही.

आता डोळ्याचं, आणि इथे जरा थांबतो कारण मुलाला चष्मा आहे म्हणालात.

स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा ठराविक अंतरावर ठेवला तरच पूर्ण गोल चित्र दिसतं, जवळ गेलं की काळी कड, लांब गेलं की पण काळी कड. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. हलक्या रायफलीवर हे कमीत कमी ९० मिलिमीटर पाहिजे, शंभर मिळालं तर उत्तम. कॅटलॉगमध्ये बहुतेक दोन आकडे असतात, कमी पटीचा आणि जास्त पटीचा, आणि जास्त पटीला ते कमी होतं, म्हणून बघायचा तो लहान आकडा. चष्मेवाल्याचा त्यातला सेंटिमीटरभर चष्म्यातच जातो. मी स्वतः याची फी भरलेली आहे. नव्वदीच्या दशकात एका मित्राच्या लायसनच्या .३०-०६ च्या रायफलीवर, रेंजवर, दुकानदाराने बसवून दिलेल्या स्कोपातून पहिला शॉट मारला. स्कोप दोन बोटं मागे बसवला होता, मी बेंचवर वाकून बसलो होतो, आणि घोडा दाबला तशी ती धातूची कड भुवईत. अर्धा चंद्र, तीन टाके, रक्त चष्म्यावरून गालावर. घरी आल्यावर बायको म्हणाली लक्ष्मी कपाळावर येते ऐकलं होतं, चंद्र पहिल्यांदाच बघतेय. आजही ती खूण आहे आणि दाढी करताना रोज दिसते. दुकानदाराची चूक होतीच पण बसवलेला स्कोप स्वतः तपासून न घेणं ही माझी, हे आता कळतं.

म्हणून मुलाला सांगा, बसवताना आधी स्क्रू ढिले ठेवायचे, डोंगरात घालतो तेच जाड जॅकेट घालायचं, चष्मा लावायचा, डोळे मिटून रायफल खांद्याला आणायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. लगेच पूर्ण गोल दिसला पाहिजे, मान पुढेमागे करायला लागता कामा नये. हे उभं राहून करायचं आणि झोपूनही करायचं, कारण झोपून मारताना डोकं आपोआप पुढे सरकतं, आणि चढावर वरच्या बाजूला नेम धरताना तर जास्तच. दोन्हीत मधलं काही जमत नसेल तर झोपलेल्या पोझिशनला मान द्यायचा, टाके तिथेच पडतात. आणि हे सगळं सर्वात जास्त पट लावून तपासायचं, कमी पटीला सगळंच बरं दिसतं.

पटीकडे येतो. २७ पट म्हंजे हरीण २७ पट जवळ, हे बरोबर, पण हातही २७ पट हलतो ना. चढ चढून आलेला माणूस, छाती भात्यासारखी वरखाली, तिथे २७ पटीवर हरीण दिसत नाही, हरणाच्या आजूबाजूचं गवत नाचताना दिसतं. आणि चित्र अरुंद होतं. ३ पटीला शंभर मीटरवर साधारण अकरा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, त्यात जनावर लगेच सापडतं. जास्त पटीवर तोच पट्टा मीटर-दीड मीटरवर येतो, मग झाडीत नुसतं शोधत बसायचं, तोवर ते टेकडीपलीकडे. रेंजवर रायफलीला बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून झोपून हजार मीटरवर लोखंडी पाट्या वाजवायच्या असतील तर तो स्कोप सुंदर आहे, त्याला मी नावं ठेवत नाही, त्याचं काम ते आहे. पण डोंगरात हरणावर नाही.

आता उजेड. पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावर बाहेर येतं हे आपल्या सड्यावरच्या सशालाही लागू आहे आणि तिकडच्या हरणालाही, त्यामुळे अंधुक उजेडात काय दिसतं हाच खरा प्रश्न. यात पोराची समजूत अशी असणार की ५६ ची काच मोठी म्हंजे उजेड जास्त. अर्धं खरं. सोपा प्रयोग सांगतो, स्कोप उजेडाकडे धरून हात लांब करा, मागच्या काचेत एक टिकलीएवढा प्रकाशाचा गोल दिसेल. ती टिकली किती मिलिमीटरची हे काढायला पुढच्या काचेचा आकार भागिले पट. ५६ भागिले २७ म्हंजे दोन मिलिमीटर. ४० भागिले ९ म्हंजे साडेचार. ४० भागिले ६ म्हंजे साडेसहाच्या वर. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते आणि अंधारात तरण्या माणसाची सात-एक पर्यंत उघडते, तुमची माझी या वयात पाचच्या आसपास, तेही देवाची कृपा असली तर. तर संध्याकाळी बाहुली सहाची आणि स्कोपातून येतेय दोनची टिकली, मग काळोखच दिसणार, काच ५६ ची असली तरी. पट खाली आणली की टिकली मोठी होते हे खरं, पण मग २७ चे पैसे कशाला दिले? ४० ची काच ६ पटीवर ठेवली तर तरुण डोळ्याला घेता येतो तेवढा उजेड जवळजवळ सगळा मिळतो. त्यानंतरचा फरक काचेच्या दर्जाचा आणि तिच्यावरच्या कोटिंगचा, आणि पैसे तिथेच टाकावेत.

अजून एक गैरसमज दुकानात हमखास विकला जातो, की ३० मिलिमीटरची ट्यूब जास्त उजेड देते. तसं काही नाही. जाड ट्यूबने आत खालीवर फिरवायला जागा जास्त मिळते, लांबच्या नेमबाजीला ती लागते. तीनशे मीटरच्या आतल्या शिकारीला एक इंचाची, म्हंजे २५.४ मिलिमीटरची ट्यूब पुरून उरते आणि वजन वाचतं.

मग घ्यावा काय? ३-९×४० किंवा २.५-८×३६, चारशे ग्रॅमच्या आत. ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्यांचाच व्हीएक्स-३एचडी २.५-८×३६ त्याहून जरा हलका आणि काचही वरची. खिसा मोठा असेल तर स्वारोव्स्कीचा झेड३ ३-१०×४२, तोही साधारण ३६० ग्रॅम, संध्याकाळी त्यातून बघितलं की बाकीच्यांतून बघवत नाही हे त्याचं दुखणं. मला यातलं कोणी काही देत नाही, आधीच सांगतो. आणि तुमचा फिक्स चार पटीचा? वाईट नाही हो, उलट त्यात बिघडायला कमी भाग, दोनशे मीटरपर्यंत काही अडत नाही. पण तिकडे दरीच्या पलीकडच्या उतारावर अडीचशे-तीनशे मीटरचा शॉट येतो, तिथे ७-८ पट बरी वाटते, तेवढे चार आणे पोराला द्या. चालताना मात्र पट बदलायची रिंग कायम ३ वर, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

क्रॉसची रेघ साधी डुप्लेक्स, म्हंजे बाहेरून जाड आणि मध्ये बारीक. ती फर्स्ट फोकल प्लेन नावाची भानगड शिकारीच्या स्कोपात नको, त्यात पट कमी केली की रेघही बारीक होते, आणि नेमकी झाडीत, अंधुक उजेडात, ३ पटीवर असताना रेघच दिसेनाशी होते. दिव्याचा ठिपका असला तर चांगला, नसला तरी चालेल, बॅटरीची एक काळजी कमी. पॅरॅलॅक्सचं (डोळा हलला की रेघ निशाण्यावरून सरकल्यासारखी दिसते, तो दोष काढायचं) बाजूचं बटण पण नको, शंभर-दीडशे यार्डावर कारखान्यातच सेट केलेला असतो तो या अंतराला पुरतो. मोठे उघडे टरेट, म्हंजे क्रॉस खालीवर आणि बाजूला सरकवायची बटणं, नकोत, पिशवीत घासून फिरतात आणि कळत नाही, टोपणवाले घ्या. एमओए आणि मिल ही कोनाची मापं, टरेट पाव एमओएच्या क्लिकचा मिळाला तर शंभर मीटरला एक क्लिक सात मिलिमीटर, दशांश मिलचा मिळाला तर एक सेंटिमीटर, दोन्ही चालतं.

दीडशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, दोनशे मीटरला झिरो केला तर शंभरला पाचेक सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेला वीस-पंचवीस खाली. म्हंजे अडीचशेपर्यंत छातीवर मधोमध धरायचं आणि मारायचं, डोक्यात गणित नको. थंडीने बोटं आखडलेली असताना गणित कोणालाच येत नाही.

स्कोपमध्ये वाचलेल्या पैशांची एक दुर्बीण घ्यायला सांगा, ८×३२ किंवा १०×४२, गळ्यात अडकवायची, आणि हे मी सल्ला म्हणून नाही तर अट म्हणून लिहितोय. मोठ्या पटीचा स्कोप घेतला की माणसं त्याचीच दुर्बीण करतात, झाडीत काय हललं ते रायफल उचलून बघतात, आणि हललेला कोणी दुसरा शिकारी असला तर भरलेली नळी त्याच्याकडे. तिकडच्या बंदूक सुरक्षेच्या सात नियमांत एक नियम हाच आहे, की निशाणा नक्की काय आहे हे शंकेला जागा न ठेवता ओळखा. तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, पोराला बापाने सांगितलं की जास्त पोचतं.

बसवण्याचं थोडं. टिक्काच्या वरच्या भागाला मुळातच खाच आहे, तिच्यात बसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या आणि बुटक्या रिंगा मिळतात, ४० च्या काचेला त्या पुरतात. रिंगच्या वरच्या स्क्रूला १५ ते १८ इंच-पाउंड, म्हंजे दोन न्यूटन मीटरच्या आसपास, त्यासाठी टॉर्कचा छोटा पाना मिळतो तो घ्यावा. आपल्याकडे "जरा अजून आवळ" ही जी सवय आहे, पंपाच्या नटापासून सगळीकडे, तिने स्कोपची ट्यूब चेपते. झिरोला आधी बोल्ट काढून नळीतून टार्गेट बघायचं आणि क्रॉस त्यावर आणायचा, मग पंचवीस मीटर, मग शंभर. आणि तीन शॉटनंतर थांबायचं, चहा प्यायचा, नळी गार होऊ द्यायची. हलक्या रायफलीची नळी पातळ, तापली की गोळ्या भटकायला लागतात, आणि उतावीळ माणूस तापलेल्या नळीवर क्लिक फिरवत बसतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत चुकतं. शिकारीत लागणारा शॉट गार नळीचाच असतो.

पावसाचं म्हणाल तर आत नायट्रोजन किंवा अर्गॉन भरलेला, वॉटरप्रूफ, एवढं बघायचं. आणि भिजून आल्यावर ओल्या कव्हरमध्ये बंद करून ठेवायचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेऱ्याच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते ती कोकणातल्या कोणाला सांगायला नको, तिकडचा पश्चिम किनारा त्यातलाच.

आता धाकटे बंधू. त्यांना म्हणावं, ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत, तिच्यातून गोळी फिरत जात नाही, पन्नास मीटरपलीकडे ती कुठे जाईल हे तिलाच माहीत नसतं, तिच्यावर ९ पटीचा स्कोप म्हंजे बैलगाडीला मीटर. आमच्या शेजारचे तात्या असल्या वेळी म्हणतात, "दुर्बीण लावलंस म्हणान डुकर काय थांबाचो नाय." त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. पीक संरक्षणाचं लायसन म्हंजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर मारायला वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, पिकाचं नुकसान होतंय म्हणून ती मागता येते, कलम ११ मध्ये सोय आहे, पण आधी कागद आणि मग बंदूक. फासकी लावणं पण त्या कायद्यात शिकारच आहे, आणि डुकराच्या फासकीत बिबटा अडकला की काय होतं हे तुम्ही आजूबाजूला बघितलं असेल. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका, सौर कुंपणाचं वनखात्यात विचारा, बागेला ते जास्त उपयोगी. बंधू मग एअरगनवर स्कोप लावू म्हणतील, ते मला माहितेय, कारण सगळे म्हणतात. वानरावर छर्रा मारणं हाही गुन्हाच. नुसती डब्यावर नेमबाजी करायची असेल तर करा की, पण स्प्रिंगच्या एअरगनला साधा रायफलीचा स्कोप लावू नका, ती आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, चांगले महागाचे स्कोप तिने मोडलेत. तिच्यासाठी एअरगनचा म्हणून मिळतो तोच, दहा मीटरवर स्पष्ट दिसणारा.

मुलासाठी एक राहिलं. स्कोप हातात आला की पहिल्या दिवशी मागच्या काचेची रिंग फिरवून रेघ स्पष्ट करून घ्यायची असते. चष्मा लावून करायची, कारण शिकारीलाही तो चष्मा लावूनच जाणार. स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरायचा (सूर्याकडे चुकूनही नाही), आणि एकटक बघत बसायचं नाही, डोळा लगेच जुळवून घेतो आणि फसवतो. नजर लांब कुठेतरी, पटकन दोन सेकंद आत बघायचं, रेघ पुसट वाटली तर थोडं फिरवायचं, परत नजर लांब. चार-पाच वेळा केलं की जमतं. चष्म्याचा नंबर बदलला की हे परत.